बडोद्यात जुनं वाद्य विकायचं, बदलायचं की गहाण ठेवायचं?

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. तीच पुढे विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली, आणि सूरसागरसमोर आजही तिथून तबल्याचे बोल ऐकू येतात. शिकणारे, शिकवणारे आणि दोन वर्षं शिकून सोडून दिलेले असे सगळे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर बाजाची पेटी नाही किंवा कोपऱ्यात गवसणीतला तंबोरा नाही, असं घर शोधावं लागेल. पोळातलं (जुन्या गल्लीतलं) घर सोडून फ्लॅटमध्ये जायची वेळ आली की याचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. फतेगंज-सयाजीगंजला खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं दुखणं वेगळं असतं: शिक्षण संपलं, गिटार किंवा कीबोर्ड गावी न्यायचा नाही, आणि आठ दिवसांत खोली रिकामी करायची.

ज्यांनी आजवर एकही वाद्य विकलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. वाद्य वाजत्या अवस्थेत असतानाच विका, आणि ज्याला ते वाजवून पारखता येतं अशाच माणसाला विका. बाकीचे सगळे तुम्हाला लाकडाचा, पितळेचा नाहीतर प्लास्टिकचा भाव देतील.

सराफाच्या पायऱ्या चढू नका

पैशांची निकड असली की लोकांना आधी गिरवीचं दुकान आठवतं. मांडवी, घडियाळी पोळ या भागात सराफी पेढ्या पुष्कळ आहेत, पण त्यांचा धंदा सोन्या-चांदीवर चालतो. सोनं तोलता येतं, कसाला लावता येतं, आजचा भाव पेपरात येतो आणि चिमूटभर जागेत तिजोरीत मावतं. पेटीला असा भाव नसतो. तिला जागा लागते, पावसाळ्यात तिचा भाता कुजतो, आणि कर्ज थकलं तर ती विकायची कोणाला हे सराफाला माहीत नसतं. म्हणून तो नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. जुना माल घेणारा एखादा दुकानदार कीबोर्ड किंवा अ‍ॅम्प्लिफायर ठेवून घेऊन पैसे देतो. त्याबद्दल पुढे.

भंगारवाल्यापासून मात्र खरोखर सांभाळा. जुने डग्गे तांब्याचे किंवा पितळेचे असतात आणि त्यांच्यावर निकेलचं पॉलिश असल्यामुळे घरच्यांना ते स्टीलचे वाटतात. डग्गा उलटा करून तळ बघा. चुंबळीवर घासून घासून तिथलं पॉलिश उडालेलं असतं आणि खालचा धातू दिसतो. लालसर असेल तर तांबं, पिवळा असेल तर पितळ. असा जाड, जड डग्गा तबलजी हौसेनं घेतो, कारण त्याचा घुमारा पातळ पत्र्याच्या नव्या डग्ग्याला येत नाही. तो किलोच्या भावानं देऊन टाकू नका.

आधी घरच्या घरी पारख

दुकानात जाण्याआधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते कळायला हवं. वाजवता येत नसेल तरी यातलं बरंच काही कोणालाही जमतं.

पेटीपासून सुरुवात करू, कारण विकायला निघणाऱ्या वाद्यांत तिचीच संख्या जास्त. पट्ट्या मोजा, काळ्या-पांढऱ्या मिळून. ३९ किंवा ४२ भरतील. तीन सप्तकांच्या थोडं पुढे जाणाऱ्या या दोन मापांच्या पेट्या सर्रास दिसतात. मग सगळे खटके (समोरची ओढायची बटणं) बंद ठेवा, भाता पूर्ण भरा आणि हात काढून घ्या. भाता हळूहळू, संथ खाली आला तर हवा टिकते आहे. फस्सकन बसला तर कुठेतरी चामडं किंवा कागद सुटलाय. आता हवेचे खटके उघडा (पट्टी न दाबता सतत सूर देणारे खटके असतील तर ते बंदच ठेवा) आणि एकही पट्टी न दाबता भाता हलवा. काहीही वाजता कामा नये. आपोआप एखादा सूर रडायला लागला तर त्या पट्टीखालची गादी झिजली आहे किंवा स्प्रिंग ढिली आहे. ही किरकोळ दुरुस्ती, घाबरायचं कारण नाही. यानंतर डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सावकाश दाबत जा आणि कोणती मुकी आहे, कोणती खरखरते, कोणती दाबल्यावर वर येत नाही हे कागदावर लिहून काढा.

धीर असेल तर वरची जाळी आणि पट्ट्यांची फळी काढून आत डोकावा. रीडच्या (सूर काढणाऱ्या पितळी पात्यांच्या) ओळी दोन आहेत की तीन, ते दिसेल. दोन म्हणजे खर्ज आणि नर (खालचा आणि मधला सूर), तिसरी असली तर भाव चढतो. रीड कुठले आहेत यावरही पुष्कळ अवलंबून असतं. आपल्याच गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीडना पेटीवाले मान देतात, आणि फार जुन्या पेटीत जर्मन रीड निघाले तर जाणकार माणूस लाकडाकडे बघतही नाही. पितळी पट्टीवर काही खूण किंवा अक्षरं कोरलेली दिसली तर मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. स्वतः रीडला हात लावू नका, तेल तर मुळीच सोडू नका. कानस किंचित लागली तरी सूर हलतो.

तबल्याचं गणित निराळं. पुडी (वरचं चामडं) कधी ना कधी बदलावीच लागते, त्यामुळे मोल असतं ते खोडाचं, म्हणजे लाकडी अंगाचं. शिसवी खोड जड असतं. तडा गेलाय का, पिठासारखा भुसा गळतोय का, ते आतून-बाहेरून बघा. भुसा म्हणजे भुंगा लागलाय, आणि असं खोड घरातल्या दुसऱ्या लाकडी वाद्याजवळही ठेवू नये. तोंडाचा व्यास इंचांत मोजून ठेवा. तोंड लहान तसा सूर चढा, एवढ्यावरून तबलजीला फोनवरच अंदाज येतो की हा काळी एकला जाईल की खालच्या सुराचा आहे. पुडीवरच्या काळ्या शाईवर बोट फिरवा. कण सुटत असतील, पापुद्रा उचलला असेल तर ती पुडी गेली समजा. वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) आणि गट्टे (तिच्याखालचे लाकडी ठोकळे) असतील तर चांगलंच.

तंबोरा आणि सतारीबाबत एका गोष्टीवर बोट ठेवावंसं वाटतं. जुन्या, विशेषतः मोठ्या घरांतल्या तंबोऱ्यावर पांढरी नक्षी, मणी किंवा पट्ट्या असतात. त्या कधी हाडाच्या असतात, कधी प्लास्टिकच्या, आणि कधी खरोखर हस्तिदंताच्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. वस्तू आजोबांच्या वेळची आहे म्हणून सूट मिळत नाही. तारा ज्यांवर टेकतात त्या सांबरशिंगाच्या जुन्या घोड्यांचंही तेच. शंका असेल तर जाहिरात टाकण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा, आणि तोवर वाद्य घराबाहेर काढू नका.

ते सोडलं तर तपासणी सोपी आहे. भोपळ्यावर नखानं हलके टिचक्या मारत गोल फिरा. अखंड भोपळा सगळीकडे सारखा बोलतो, चीर असेल तिथे आवाज फाटतो. दांडी एका टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरा. बाक आलेला असेल तर लगेच दिसतो. भोपळ्याची चीर कारागीर बुजवतो, पण बाकलेली दांडी हे मोठं दुखणं. खुंट्या फिरतात का आणि फिरवल्यावर जागच्या जागी राहतात का, तेही बघा. वरच्या टोकाशी किंवा आत कारागिराच्या नावाची पट्टी असेल तर ती घासूनपुसून काढू नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावच्या घराण्यातलं जुनं काम असेल तर ती छोटी पट्टीच तुमच्या बाजूनं बोलते.

गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) यांना कमी वेळ लागतो. मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे का बघा, प्रत्येक बटण आणि प्रत्येक जॅक चालवून बघा. गिटारचे फ्रेट जिथे खोलगट झिजलेत तिथे तार बझ करते. कीबोर्डमध्ये भारतीय ताल-ठेके असतील, यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत ते असतात, तर जाहिरातीत ते ठळक लिहा. बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना नेमकं तेच हवं असतं.

दुरुस्ती किती करायची

गिऱ्हाईक कोण आहे यावर हे ठरतं. वाद्य कारागिराला किंवा दुकानदाराला देणार असाल तर एक पैसाही घालू नका. पुडी तो स्वतः बसवतो, भाता स्वतः बांधतो. तुम्ही दुसरीकडून करून आणलेल्या कामाचे पैसे तो देणार नाही. थेट विद्यार्थ्याला किंवा भजनी मंडळाला देणार असाल तर मात्र वाद्य हातात घेताक्षणी वाजलं पाहिजे. मुक्या पट्ट्या बोलत्या करा, तबला सुरात आणा, तंबोऱ्याला नव्या तारा चढवून जवारी काढून घ्या, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून घ्या. वरून पॉलिश तेवढं मारू नका. जुन्या पेटीवर ताजी चकाकी दिसली की जाणकाराला वाटतं, खाली काहीतरी लपवलंय.

कोणाकडे जायचं

सर्वांत आधी ज्याच्याकडे आपल्या घरातलं कोणी शिकलं त्या गुरुजींना किंवा बाईंना फोन करा. क्लास चालवणाऱ्यांकडे नवा विद्यार्थी आला की त्याचे आईवडील पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, नवीन घेऊ की जुनं चालेल?" गुरुजींनी स्वतः वाजवून होकार दिलेली पेटी त्या घराला दुकानातल्या नव्या पेटीपेक्षा भरवशाची वाटते. जूनमध्ये क्लास आणि कॉलेजची वर्षं सुरू होतात, तेव्हा ही विचारणा वाढते. फॅकल्टीतल्या विद्यार्थ्यांपर्यंतही बातमी पोचवा. तिथे पदविकेपासून पदव्युत्तरपर्यंतची मुलं असतात आणि सराव करायला दुसरा तबला बऱ्याच जणांना हवा असतो.

दुसरा रस्ता कारागिराचा. तबल्याला पुडी बसवणारे, पेटी सुरात लावणारे यांच्याकडे रोज वाजवणारे येतात. कोणाला काय हवंय ते त्यांना पाठ असतं. ते स्वतः घेतील किंवा गिऱ्हाईक आणून देतील आणि मध्ये आपला वाटा ठेवतील. तो वाटा आधीच मोकळेपणानं ठरवा. काम जाणणाऱ्या माणसाला त्याचं देणं मला नेहमीच रास्त वाटतं.

वाद्यांचं दुकान हा तिसरा रस्ता. तिथे पैसे लगेच मिळतात आणि सगळ्यांत कमी मिळतात. गणेशोत्सव, भजनी मंडळं, मराठी मंडळाचे कार्यक्रम यांतल्या ओळखी चौथ्या. मोबाइलवरची खरेदी-विक्रीची अ‍ॅप्स मी शेवटी ठेवतो. गिटार-कीबोर्डसाठी ती चांगली चालतात, पण पेटी-तंबोऱ्याला तिथे येणारा गिऱ्हाईक बहुधा फोटो बघून भाव पाडतो.

वेळेचा विचार करा. बडोद्यात नवरात्र हा वाद्यांचा हंगाम. ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, माइक यांची शोधाशोध गणपतीच्या सुमारासच सुरू होते. दसरा झाल्यावर तेच ऑक्टोपॅड विकायला काढलंत तर समोर तुमच्यासारखेच विकणारे दिसतील. चामड्याची वाद्यं भर पावसात दाखवू नका. पुडी दमटपणानं उतरते आणि चांगला तबलाही बदबद वाजतो.

भाव काढायचा कसा

एक साधी युक्ती आहे. आपलं वाद्य विकायचंय हे न सांगता दोन-तीन दुकानांत त्याच जातीचं जुनं वाद्य आहे का, केवढ्याला देणार, असं विचारा. हा झाला दुकानाचा विकायचा भाव. नव्याचीही किंमत विचारून ठेवा. दुकानदार तुम्हाला देईल ती रक्कम या विकायच्या भावाच्या बरीच खाली असणार, कारण दुरुस्ती, जागेचं भाडं आणि गिऱ्हाईक येईपर्यंतची वाट त्याच्या खिशातून जाते. थेट वाजवणाऱ्याला विकलंत तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सौदा जमतो. तुमची रक्कम मनात पक्की करून मगच वाद्य घेऊन निघा.

दुकानात बोलणं साधारण असं होतं. दुकानदार पेटी दोनदा वाजवतो, भाता हलवतो आणि म्हणतो, "बेन, लाकूड सारं छे, पण सूर बधा उतरलेत. आजकाल जुनी कोणी घेत नाही." (सारं छे म्हणजे चांगलं आहे, बधा म्हणजे सगळे.)

अशा वेळी घाईनं रक्कम सांगू नका. "भाई, कुठले सूर उतरलेत ते दाखवा ना," असं शांतपणे म्हणा आणि घरी लिहून आणलेला कागद काढा. तीन पट्ट्या मुक्या आहेत हे तुम्हीच सांगितलंत की बाकीच्यांबद्दल वाद राहत नाही. मग त्याला आधी आकडा बोलू द्या. तुमच्या मनातल्या रकमेपेक्षा फारच खाली असेल तर "घरी विचारून सांगते" म्हणून पेटी उचलून निघणं अगदी रीतीला धरून आहे, कोणी वाईट मानत नाही. पेटी रात्रभर दुकानात ठेवून मात्र येऊ नका. "कारागिराला दाखवून सांगतो" असं म्हणाले तर कारागीर असेल त्या वेळी पुन्हा घेऊन जा.

जुनं देऊन नवं घेताना

अदलाबदलीत नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण दोन हिशेब एकत्र होतात. "जुन्याचे चांगले पैसे लावतो" म्हणून दुकानदार आकडा वाढवतो आणि नव्या वाद्यावर मिळाली असती ती सूट गुपचूप काढून घेतो. म्हणून पहिल्या दिवशी फक्त नव्याचा शेवटचा भाव विचारा, रोखीनं, जुन्याचा उल्लेखही न करता. तो लिहून घ्या. नंतर जुनं दाखवा आणि नुसतं विकायचं असेल तर काय द्याल, असं विचारा. दोन आकडे हातात असले की वरून किती द्यायचे ते तुम्हालाच कळतं. मुलाला लहान पेटीवरून मोठीवर न्यायचं असेल किंवा पुरुषाच्या पट्टीतला तबला देऊन मुलीच्या गाण्यासाठी तिच्या पट्टीतला घ्यायचा असेल, तर अदलाबदल मला सोयीची वाटते. विद्यार्थी गाव सोडून चालला असेल तर तिचा काही उपयोग नाही.

गहाण ठेवायची वेळ आलीच तर

चामडं, लाकूड, भोपळा असलेलं वाद्य गहाण ठेवू नका, असंच मी सांगेन. ते कोणाच्या तरी गोदामात एक पावसाळा काढेल आणि परत येईल तेव्हा सोडवायला दिलेल्या पैशांपेक्षा दुरुस्तीला जास्त लागतील. आणि जो वाजवून कमावतो त्यानं नवरात्राच्या तोंडावर कीबोर्ड अडकवला तर कर्ज फेडायचं साधनच गेलं.

तरी ठेवायचंच असेल तर कायदा माहीत असू द्या. गहाण वस्तूबद्दल भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये स्पष्ट नियम आहेत. मुदत टळली तरी पैसे देणाऱ्याला तुम्हाला वाजवी पूर्वसूचना दिल्याशिवाय वस्तू विकता येत नाही. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत रक्कम आणि झालेला खर्च भरून तुम्ही ती सोडवू शकता. विकून येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त आले तर वरचे पैसे तुमचे. कमी आले तर उरलेले तुम्हालाच भरावे लागतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पावतीवर वाद्याचं मॉडेल, सीरियल नंबर, त्या दिवशीची अवस्था, रक्कम, व्याज आणि मुदत हे सगळं लिहिलेलं हवं. "विश्वासावर चालतं" म्हणून पावती न देणाऱ्याकडे वस्तू ठेवू नका.

कागद आणि पैसे

दुकानदार ओळखपत्र मागेल. रागावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि तो स्वतःला सांभाळतोय. आधारची झेरॉक्स द्याल तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला, कोणत्या तारखेला. आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढता येते, ती जास्त बरी. मूळ बिल असेल तर शोधा. वाद्य वडिलांचं किंवा आत्याचं असेल तर भावंडांना आधी विचारा. पेटी गेल्यावर पुण्याहून काकांचा फोन येतो आणि मग घरात वर्षभर बोलणं राहत नाही.

अ‍ॅपवरून विकताना एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, सांगून ठेवा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. समोरचा न बघताच सगळी रक्कम कबूल करतो, मी लष्करात आहे, बदली झाली आहे असं सांगतो आणि क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणतो. पिन टाकलात की पैसे तुमच्या खात्यातून जातात. तसं काही घडलंच तर लगेच १९३० वर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. खरा गिऱ्हाईक वाद्य बघायला येतो. त्याला क्लासच्या वेळी क्लासमध्येच बोलवा, तिथे वाजवून दाखवणाराही असतो.

रक्कम खात्यात दिसल्यावर दोन ओळींची पावती करा: वाद्य, सीरियल नंबर किंवा ओळखायची खूण, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि वाद्य जसं आहे तसं वाजवून बघून घेतलं, एवढं एक वाक्य. सतार-तंबोरा गाडीतून जाणार असेल तर तारा थोड्या सैल करा, घोडी आणि मणी रुमालात गुंडाळून वेगळे द्या. हातोडी, जादा वादी, गवसणी, चुंबळ, कीबोर्डचं स्टँड घरात राहून जातं. ते त्याच वेळी द्या. मग जाहिरात काढून टाका आणि गुरुजींना कळवा की पेटी गेली, म्हणजे ते पुढच्या विद्यार्थ्याला तुमच्या दारात पाठवणार नाहीत.